तक्ता आधी मोजा, कड्या मग बसवा
शेतावरच्या छोट्या खोलीला लाकडी जमीन घालण्याविषयी



शेतावरच्या राखणीच्या खोलीविषयी कार्यक्रमात बोलणे झाले. छप्पर झाले, कूड झाला, दार-खिडकी झाली, आणि वेळ संपली. जमीन राहून गेली. म्हणून हे पत्रक जमिनीसाठी. जमीन म्हणजे शेतातली नव्हे बरं का, खोलीतली, पायाखालची.

आता कुणी म्हणेल, त्यात काय सांगायचं? मुरूम टाका, चोपणीने चोपा, वर शेणाचा सडा. देशावर कोरड्या भागात तेवढ्याने भागते, नाही असे नाही. पण कोकणात, मावळ-मुळशीत, इगतपुरीच्या बाजूला चार महिने पाऊस धरून असतो. तिथे सारवलेली जमीन खालून ओल ओढते. कोबा केला तरी पावसाळ्यात तो गार पडतो आणि वर घाम धरतो. भाताच्या गोणीचा तळ काळा पडतो, बियाणे उगवत नाही, आणि आपण दोष देतो बियाण्याला. काळ्या जमिनीतली अडचण आणखी वेगळी. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि तिच्यावरचा कोबाही तिच्याबरोबर फुटतो. अशा ठिकाणी खांबांवर उचललेली लाकडी जमीन चांगली. खालून वारा खेळतो, ओल वर चढत नाही, रात्री राखणीला झोपणाऱ्याच्या अंगात गारठा शिरत नाही.

ही जमीन घालायची रीत आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांत माडी असायची ती कडीपाटाचीच. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. मग आता नवीन काय? पाट बदलला. पूर्वी सागाच्या अरुंद फळ्या असत. सुतार कड्या आपल्या अंदाजाने बसवी आणि फळी त्या कडीवर आणून कापी. फळीचे टोक कडीवर येईल तिथे करवत लावायची, काम झाले. आज तशा फळ्या परवडत नाहीत. आपण प्लायवूडचा तक्ता आणतो. तो कारखान्यातून ठरलेल्या मापाचा येतो, ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद. तो कापत बसलो तर पैसे भुश्यात जातात. म्हणून रीत उलटी झाली. पूर्वी फळी कडीच्या मापाने कापायची, आता कडी तक्त्याच्या मापाने बसवायची. एवढी एकच गोष्ट या पत्रकात सांगायची आहे. बाकी सगळे तिच्यापाठोपाठ येते.

पेरणीचाच दाखला घ्या ना. पाभरीचे फण ज्या अंतरावर बसवले, त्या अंतराला जुळणारीच पास कोळप्याला लागते. पेरताना एक ओळ चार बोटे सरकली, तर पुढे कोळपे तणाबरोबर पीकही कापते. चूक पेरणीची, दिसते कोळपणीला. इथेही तसेच आहे. चूक कड्यांच्या खुणांत होते, आणि दिसते तक्ता टाकताना. कधी कधी त्याहूनही उशिरा.

उशिरा म्हणजे कशी, ते आमच्या घरचेच सांगतो. आमच्या शेतावर १२ फूट लांब, ८ फूट रुंद खोली बांधली. कड्यांची मापे मी स्वतः दिली होती, त्यामुळे दोष माझाच. "मिस्त्री, कडीच्या मध्यापासून पुढच्या कडीच्या मध्यापर्यंत सोळा इंच धरा," असे मी सांगितले आणि खताच्या सोसायटीत निघून गेलो. त्यांनी सांगितल्याबरहुकूम केले. तक्ते आले, टाकायला घेतले, तर पहिल्या तक्त्याचे टोक कडीच्या काठाशी येऊन थांबले. कडीवर एक सूतही टेकेना. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, कडी सोडवून सरकवू या." मी म्हटले, पाऊस तोंडावर आलाय, कडीच्या अंगाला एक पट्टी ठोका आणि तक्ता तिच्यावर टेकवा. दिसायला जमीन झकास झाली. तक्ता मी बारा मिलिमीटरचाच घेतला होता, पैसे वाचवले म्हणून खूशही होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात, ऐन लावणीच्या दिवसांत, थोरले बंधू खताची गोणी पाठीवर घेऊन आत गेले. पाय नेमका त्या सांध्यावर पडला. ओलीने तक्त्याची कड फुगून पोचट झालेली, पट्टीचे खिळे गंजलेले. कड खचली, पट्टी उपटली आणि दादांचा पाय गुडघ्यापर्यंत आत. घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. लावणी शेजाऱ्यांनी उरकून दिली, त्यांचे उपकार. पण दादा ओसरीवर बसून पाऊस बघत होते, ते मला अजून दिसतं.

आता ती चूक नेमकी कुठे झाली ते नीट बघा, कारण बहुतेकांची तिथेच होते.

पहिली कडी खोलीच्या अगदी काठावर असते. कडी दोन इंच जाड असेल तर तिचा मध्य काठापासून एक इंच आत. तिथून सोळा-सोळा इंच मोजत गेलात तर कड्यांचे मध्य येतात १, १७, ३३, ४९, ६५, ८१ आणि ९७ इंचांवर. पण तक्ता कुठून सुरू होतो? कडीच्या मध्यापासून नव्हे, बाहेरच्या काठापासून. तक्ता ८ फूट म्हणजे ९६ इंच. आणि ९७ वर मध्य असलेली कडी सुरूच होते ९६ वर. म्हणजे तक्ता जिथे संपला तिथे कडी सुरू झाली. टेकायला जागा शून्य. एका इंचाचा घोळ, पण तक्ता अधांतरी.

बरोबर रीत अशी. सोळा इंच मोजायचे ते पहिल्या कडीच्या बाहेरच्या काठापासून दुसऱ्या कडीच्या मध्यापर्यंत. तिथून पुढे मध्य ते मध्य सोळा. मग कड्यांचे मध्य १६, ३२, ४८, ६४, ८०, ९६ असे येतात, आणि तक्त्याचे टोक ९६ वर कडीच्या मधोमध बसते. एक इंच या तक्त्याला, एक इंच पुढच्या तक्त्याला.

सोळाच इंच का? कारण ९६ ला सोळाने नि:शेष भाग जातो, सहा गाळे बरोबर पडतात. बाराने गेला, चोवीसानेही जातो. चोवीस इंचांवर कड्या ठेवल्या तर लाकूड वाचते, पण मधला तक्ता वजनाने दबतो. गोण्या ठेवायच्या खोलीला तो मार्ग नको. अठराने मात्र ९६ ला भाग जात नाही, वीसानेही नाही. "सोळा काय नि अठरा काय" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

आणखी एक. दुकानात ७ फुटी आणि ६ फुटी तक्तेही मिळतात. सात फूट म्हणजे ८४ इंच. त्याला सोळाने भाग जात नाही, चौदाने जातो. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तिथे बारा किंवा अठरा. त्यातला बारा घ्या, अठरा वजनाला लांब पडते. म्हणून कड्यांना हात लावण्याआधी ज्या मापाचे तक्ते घ्यायचे ठरवले त्यातला एक घरी आणा, टेप लावा, आणि त्यावरून कड्यांचे अंतर ठरवा. मिलिमीटरच्या टेपने ८ फुटी तक्ता २४४० बाय १२२० भरतो.

कोणता तक्ता घ्यावा

जाडी पाऊण इंच, म्हणजे १८ किंवा १९ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचे काय होते ते वर वाचलेच. प्लायवूडवर छाप असतो तो वाचा. एमआर लिहिलेले असेल तर ते घरातल्या कपाटाचे, दमट हवेपुरते. आपल्याला बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी हवे. त्याच्या थरांमधला डिंक पाण्याला दाद देत नाही. मरीन प्लाय म्हणून मिळते त्यावर आयएस ७१० हा क्रमांक असतो. ते सगळ्यात टिकाऊ, पण महाग. दुकानदार तोंडाने काहीही सांगेल, छाप पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. भुश्याचा दाबलेला बोर्ड जमिनीला मुळीच नको, एका पावसात तो पोळीसारखा फुगतो. सेंट्रिंगची वापरलेली प्लाय स्वस्त मिळते आणि मोहही होतो. तिच्या कडा बहुधा फुगलेल्या असतात, खिळ्यांची भोके असतात. घ्यायचीच तर तक्ता दोन विटांवर ठेवून मधोमध उभे राहून बघा, आणि कडेला नखाने थर सुटतो का तेही बघा.

आणल्यावर तक्ते भिंतीला टेकवून उभे ठेवू नयेत, कमान धरते. तीन ओंडके सारख्या उंचीवर ठेवून त्यांवर आडवे रचावेत, वर ताडपत्री. आणि बसवण्याआधी चारही कडांना तेलरंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत. प्लायवूड पाणी पिते ते कडेने. या कामाला अर्धा दिवस जातो म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

खालचा सांगाडा

आपण १२ बाय ८ चीच खोली धरू या. हे माप मुद्दाम निवडले आहे, का ते पुढे कळेल.

सहा खांब, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. विटेचे, दगडाचे किंवा काँक्रीटचे चालतील. पाया मुरुमापर्यंत न्यावा, काळ्या मातीत अर्धवट सोडू नये. जमिनीपासून निदान दोन फूट उंच. त्याहून कमी उंचीत खाली माणूस सरपटत जाऊ शकत नाही, आणि वाळवी बघायला खाली जावेच लागते. उंदीर-घुशींचा उपद्रव असेल तर तीन फूट करा आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर, तुळईखाली, पत्र्याची उलटी परात बसवा. खांब आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागद घालावा.

खांबांवर लांबीच्या दिशेने दोन तुळया, ४ बाय ६ इंची, सहा इंचांची बाजू उभी. तुळयांवर आडव्या दहा कड्या, २ बाय ६ इंची, याही उभ्या. कडी आडवी टाकली तर तेच लाकूड निम्मेही वजन पेलत नाही. लाकूड सागच हवे असे नाही, ऐन, किंजळ, हेद चालतात. मात्र ते वाळलेले हवे. ओल्या सुबाभळीच्या किंवा निलगिरीच्या कड्या चार महिन्यांत पिळतात आणि वरचे स्क्रू उपटतात. बांधावरचे झाड तोडायचा विचार असेल तर परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.

प्रत्येक कडी डोळ्यासमोर धरून धारेवरून नजर टाका. थोडी कमान असतेच. तिची पाठ वर ठेवा. वजनाने ती सपाट होते. पाठ खाली गेली तर जमिनीत कायमचा खळगा.

आता खुणा. टेपचे तोंड पहिल्या कडीच्या बाहेरच्या काठाला धरा, आणि हात न उचलता एकाच दमात दोन्ही तुळयांवर या आकड्यांवर रेघा मारा: १५, ३१, ४७, ६३, ७९, ९५, १११, १२७ इंच. प्रत्येक रेघेच्या पुढच्या बाजूला फुली मारा. फुलीच्या बाजूला कडी बसते. हे आकडे सोळाच्या पाढ्यातून एक वजा करून आले आहेत, कारण कडी दोन इंची, तिचा अर्धा भाग एक इंच. रंधून तुमची कडी पावणेदोन इंच भरत असेल तर एकाऐवजी सात सूत वजा करा. सुताराला सूत सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आठ सुतांचा एक इंच. पहिली कडी एका टोकाला, दहावी दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या काठाशी अगदी भिडवून. आणि टेप एकाच दमात धरा म्हटले ते अशासाठी की, एका कडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी मापे काढली तर दर वेळचा अर्धा सूत साठत जातो आणि शेवटी अर्धा इंच होतो.

खुणा बरोबर आल्या की नाही याची सोपी पारख आहे. कड्यांमधली मोकळी जागा मोजा. पहिला आणि शेवटचा गाळा १३ इंच, मधले सातही गाळे १४ इंच. सगळे गाळे सारखे भरले तर समजा, चुकलात. बघणाऱ्याला वाटते की सारखे गाळे म्हणजे सुबक काम. इथे ते उलट आहे.

कड्यांच्या डोक्यांना दोन्ही बाजूंनी १२ फुटी पट्ट्या ठोकाव्यात. पट्ट्यांसकट रुंदी ८ फूट आणि वर एक सूत भरली पाहिजे. ते एक सूत कशाला, पुढे येतेच.

सांगाडा काटकोनात आहे का ते पाहण्याची युक्ती जुनीच. कोपऱ्यापासून लांबीकडे ६ फुटांवर खूण, रुंदीकडे ८ फुटांवर खूण, दोन्हींमधले तिरपे अंतर बरोबर १० फूट यायला हवे. शिवाय चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, साधारण १४ फूट ५ इंच भरतात. एक कर्ण दोन-तीन सुतांनी मोठा असेल तर त्या कोपऱ्याला हातोड्याच्या दांड्याने आत ठोका आणि पुन्हा मोजा. तक्त्याचा कोपरा काटकोनीच असतो. सांगाडा तिरका राहिला तर पहिला तक्ता नीट बसेल आणि शेवटच्याला पाचर लावावी लागेल.

पातळी पाण्याच्या नळीने घ्यावी. मग कड्यांच्या डोक्यावर एक सरळ फळी आडवी ठेवून बघावे. एखादी कडी दोन सूत वर असेल तर रंध्याने उतरवा, खाली असेल तर पाचर घाला. जमीन कुरकुरते ती या दोन सुतांमुळे. रात्री कुशीवर वळलात की कुरकुर, आणि झोपमोड जन्माची.

एक ओळ अजून. तक्त्याची ४ फुटी रुंदी जिथे संपते तिथे, खोलीच्या मधोमध, लांबीभर एक सांधा पडणार. तो कड्यांच्या मधल्या पोकळीवरून जातो. तिथे टेकू हवा. म्हणून प्रत्येक गाळ्यात एक आडवा ठोकळा ठोकावा, २ बाय ४ चा, चार इंचांची बाजू वर. नऊ ठोकळे लागतात, सात १४ इंचांचे, दोन १३ इंचांचे. एका बाजूने कडीतून सरळ खिळा बसतो, दुसरीकडे तिरका मारावा लागतो. चढ्या-उतरत्या उंचीने ठोकू नका, कड्यांच्या डोक्याशी बरोबर पातळीत हवेत.

तक्ते टाकणे

इथे काम भराभर होते. तीनच तक्ते लागतात. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ चौरस फूट, आणि एक तक्ता ३२ चौरस फुटांचा. तुकडा वाया जात नाही, म्हणून हे माप निवडले. साडेबारा बाय साडेआठची खोली केलीत तर अर्ध्या फुटासाठी आणखी तक्ते आणावे लागतील.

तक्त्याची लांबी कड्यांना आडवी ठेवायची, म्हणजे खोलीच्या लांबीबरोबर. कित्येक जण कड्यांच्या दिशेने तक्ता टाकतात, कारण उचलून ठेवायला ते सोपे पडते. प्लायवूडच्या वरच्या थराचे रेषे ज्या दिशेने गेलेले असतात त्या दिशेला त्याचे बळ जास्त. हे रेषे बहुधा लांबीकडे असतात, तरी डोळ्यांनी बघून घ्या. रेषे एका कडीवरून दुसऱ्या कडीवर गेले पाहिजेत. खाटेच्या सुतळीसारखे समजा, ती गातांच्या मधून ताणलेली असते म्हणून माणूस पेलते.

तिसरा तक्ता मधोमध कापा, ४ फुटांचे दोन तुकडे होतील. पहिल्या ओळीत डावीकडे अख्खा तक्ता आणि उजवीकडे तुकडा. दुसऱ्या ओळीत डावीकडे तुकडा आणि उजवीकडे अख्खा. असे केल्याने पहिल्या ओळीचा सांधा ९६ इंचांवर पडतो, दुसरीचा ४८ वर, दोन्ही कडीच्या मधोमध, आणि सांध्यासमोर सांधा येत नाही. गवंडी विटांचे थर रचताना सांधेमोड करतो, तेच कारण. सगळे सांधे एका कडीवर आले तर खोली तिथे दुभंगल्यासारखी होते आणि सगळा भार त्या एका कडीवर. तुकड्यांची करवतीने कापलेली बाजू बाहेर, काठाकडे ठेवा. कारखान्याची सरळ कड आत, सांध्याला. कापलेल्या कडेला पुन्हा रंगाचा हात द्यायला विसरू नका.

पहिला तक्ता सांगाड्याच्या काठाला नव्हे, दोरीला लावा. एका लांब बाजूपासून दोन्ही टोकांना ४ फूट मोजा आणि गेरू लावलेली दोरी ताणून रेघ उठवा. तक्त्याची आतली कड त्या रेघेवर. काठाची पट्टी कुठे ना कुठे वाकडी असतेच. तिच्यावर विश्वास ठेवला तर तो वाकडेपणा सगळ्या जमिनीत उतरतो.

दोन तक्त्यांमध्ये एक सूत फट सोडा. चुकून राहिलेली फट नव्हे, मुद्दाम सोडलेली. पावसाळ्यात प्लायवूड थोडे वाढते. जागा नसेल तर दोन तक्ते एकमेकांना रेटतात आणि सांध्यावर उंचवटा येतो. एक सूत जाडीचा खिळा सांध्यात उभा धरा, तक्ता भिडवा, खिळा काढून घ्या. रुंदीला एक सूत जास्त धरायला सांगितले होते ते या फटीसाठी. लांबीला करवतीत थोडे जाते, तरी टोकाला अर्धा सूत बाहेर आले तर रंध्याने उतरवा.

खिळे नकोत, स्क्रू घ्या, दोन इंची. खिळा लाकूड वाळले की ढिला होतो आणि पायाखाली टिकटिकतो. तक्त्याच्या चारही कडांना दर सहा इंचांवर एक, मधल्या कड्यांवर दर फुटावर एक. कडेपासून तीन सूत आत. त्याहून काठाशी घेतलात तर कड फाटते. तक्त्याखाली कड्या कुठे आहेत ते नंतर दिसत नाही, म्हणून टाकण्याआधी काठावर खुणा करून वर रेघा उठवून घ्या. कडीला न लागता पोकळीत गेलेला स्क्रू म्हणजे नुसते भोक. आधी गिरमिटाने बारीक वाट पाडा. एका कोपऱ्यापासून सुरू करून पसरत जा. चारही कोपरे आधी आवळले तर मध्ये फुगवटा अडकतो. आवळताना एका पायाने तक्ता दाबून धरा. एवढ्या खोलीला साधारण सव्वादोनशे स्क्रू लागतात. अडीचशे आणा.

काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढावे. अर्धवट जमिनीवर पाऊस आला तर ताडपत्री हाताशी हवी.

वजन किती ठेवावे

घरातल्या माडीचा हिशेब करताना इंजिनियर लोक दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. वर दिलेली मापे त्याच हिशेबाची आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर, पन्नास किलोची गोणी आडवी ठेवली की साधारण ३ फूट बाय २ फूट, सहा चौरस फूट जागा घेते. एक थर म्हणजे चौरस फुटाला आठ-सव्वाआठ किलो. दोन थर, साडेसोळा. मर्यादा येते साडेअठराच्या आसपास. म्हणून दोन थर. तिसरा थर नको, "दोन दिवसांचाच प्रश्न आहे" असे वाटले तरी नको. तिसऱ्या थराने भार पंचवीस किलोवर जातो. जास्त साठवायचे असेल तर कड्यांच्या मधोमध खाली तिसरी तुळई आणि तीन खांब वाढवावे लागतील, आणि ते जाणकार सुताराला किंवा इंजिनियरला दाखवूनच. गोण्या भिंतीपासून हातभर सोडून, तुळयांच्या बाजूला ठेवा, खोलीच्या मधोमध ढीग घालू नका. खत आणि धान्य एका खोलीत ठेवू नये हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्याकडून झालेले आहे, म्हणून लिहिले.

दर वर्षी पावसाळा सरला की बॅटरी घेऊन एकदा खाली जा. खांबांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, लगेच खरवडून काढा आणि उपाय करा. कड्यांच्या टोकांना, पट्ट्यांजवळ, चाकूचे टोक टोचून बघा. सहज आत गेले तर लाकूड कुजायला लागले आहे. मग वर येऊन अनवाणी चाला, सांध्यांवरून आधी. जिथे कुरकुर होईल तिथे खडूने खूण करा आणि तिथला स्क्रू आवळा. आवळूनही फिरत राहिला तर तो काढा आणि शेजारी, बोटभर अंतरावर, कडीला लागेल असा नवा घ्या.